शालींच्या रणात दोन गाण्यांची फत्ते

स्वस्ति श्री. बसवनगुडीच्या नंदीस आणि करगा उत्सवाच्या धर्मरायास वंदन करोन, आणि जिच्या मर्जीवाचून या शहरी कोणीही कोठेही वेळेवर पोहोचत नाही त्या वाहतूक देवतेस विशेष दंडवत घालोन, ही हकीकत लिहावयास घेतली असे. बखरी थोरांच्या लिहाव्या हा जुना दस्तूर खरा. परंतु थोर लोक आपली हकीकत हल्ली आपणच फोनावर लिहितात, रोज लिहितात, तसबिरींसहित लिहितात, सबब बखरकारास त्या अंगाने काम उरले नाही. म्हणोन जे कोणी लिहिले नाही ते लिहितो. संस्कृती विनिमय मंडळ, दक्षिण सुभा, मुक्काम बेंगळुरू, याचे दरबारी दोन बायकांनी गाणे कसे म्हटले, आणि तेवढ्यापायी केवढे रण माजले, ते सज्जनांनी सावचित्त होऊन ऐकावे.

प्रथम मंडळाची उत्पत्ती. दिल्लीच्या तख्ताने पूर्वी ऐसा विचार केला जे, परमुलखांशी तह होतात, व्यापार होतो, परंतु मने जुळत नाहीत. तरी तिकडील गाणारे इकडे आणावे आणि इकडील नाचणारे तिकडे धाडावे, म्हणजे स्नेह वाढेल. विचार चांगला होता. मग त्या विचारास कचेरी मिळाली, आणि कचेरीस कारकून मिळाले, आणि कारकुनांस खुर्च्या मिळाल्या, आणि विचार बिचारा त्या खुर्च्यांखाली कोठेसा राहोन गेला. हल्लीचा शिरस्ता ऐसा की, परदेशी कलावंत आला म्हणजे विमानतळी हार, कचेरीत पुष्पगुच्छ, आणि सभागृही शाल, म्हैसुरी पेटा म्हणजे पगडी, चंदनाची माळ, फळांची करंडी. एवढी लूट घेऊन तो स्वदेशी परततो. त्याने काय गायिले ऐसे पुसले तर कचेरीत सारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. शाल कोणी घातली ऐसे पुसले तर मात्र लागलीच तसबिरी निघतात.

या सुभ्याचे सुभेदार, म्हणजे प्रादेशिक संचालक, पद्मनाभराव. घराणे कैक पिढ्यांचे बेंगळूरकर मराठी. घरी निम्मे मराठी आणि निम्मे कन्नड, कचेरीत इंग्रजी, आणि दिल्लीचा फोन आला म्हणजे खुर्चीतून उठोन हिंदी. स्वभावाने दुष्ट नव्हते. परंतु उभी हयात व्यासपीठे मांडण्यात गेल्यामुळे त्यांची ऐसी खातरजमा जाहली होती जे, जगी माणसे दोनच जातींची, खुर्चीवरची आणि खुर्चीसमोरची. गाणारे या दोहोंत बसत नाहीत, सबब गाणाऱ्यांचाच काय तो उपद्रव. तशात रावांची बढती दिल्लीत अडकोन पडली होती, आणि ती सोडविणे ज्यांच्या हाती ते अतिरिक्त सचिव, दिल्लीकर हुजूर, या समारंभास खासे येणार होते. तेणेकरोन रावांची झोप उडाली.

रावांचे पदरी शिवलीला नामे कार्यक्रम सहायक होती. चिक्कोडीकडील बाई, मराठी आणि कन्नड दोन्ही सारख्याच जोमाने बोलणारी, नोकरी कंत्राटी. कंत्राटी म्हणजे काम कायमचे आणि खुर्ची तात्पुरती. ही मसलत मूळ तिचीच. तिने दिल्लीस लिहोन कळविले होते जे, समुद्रापलीकडील एका पहाडी मुलखातील बायका गहू दळताना गाणी म्हणतात, आमच्याकडील जात्यावर ओव्या म्हणतात, तरी दोहोंची गाठ घालावी. दिल्लीने मंजुरी दिली. कशी दिली हे दिल्लीसही ठाऊक नसावे. त्या मुलखाचे नाव उच्चारावयास ऐसे बिकट की मंडळाने बॅनरवर ते छापलेच नाही, 'मित्र राष्ट्र' एवढेच छापोन वाद मिटविला.

त्या मुलखातून मारुना नामे वृद्ध गायिका आली. तिजला बखरीच्या रीतीने मारुनाबाई म्हणू. आमच्या बाजूने शालनअक्का. नवऱ्याच्या कारखान्यातील नोकरीपायी निपाणीहून बेंगळुरूलगतच्या आनेकलास आल्या त्या तेथेच रुजल्या; जाते मात्र गावाकडील, बसमधून मांडीवर घेऊन आणलेले. अक्का ओव्या जन्मभर गायिल्या, परंतु जात्यासमोर गायिल्या, माणसांसमोर नव्हे. शिवलीलेने बोलावणे केले तेव्हा अक्का बोलिल्या, "लोकांफुडं काय गायचं ग? लोकांला कुठं दळायचं असतंय?" मग पुष्कळ मनधरणी करोन त्यांस राजी केले.

समारंभाच्या आदले दिवशी मारुनाबाईंची सवारी तालमीस आनेकलास गेली. दोघी जात्याच्या दो बाजूंस बसल्या. एकीस दुसरीची भाषा येत नव्हती, परंतु खुंटा कोणी कधी ओढावा हे दोघींस ठाऊक होते, तेणेकरोन काम अडले नाही. मग अक्कांनी पाहुणी म्हणोन तिची ओटी भरली, खण दिला, नारळ दिला. तो घेताच मारुनाबाई ताडकन उठोन उभी राहिली, आणि बसेना. नारळ दो हाती धरोन गावयास लागली. अक्काही गोंधळोन उभ्या राहिल्या. गाणे सरल्यावरच ती बसली. शिवलीलेने फोनातील दुभाष्याकरवी पुसता उत्तर आले जे, आमच्या डोंगरात दस्तूर ऐसा आहे: कोणी काही दिले तर घेणाऱ्याने ते हाती धरोन गाणे म्हणावे, आणि ते सरेतो देणाऱ्यानेही उभे राहावे, आणि गाणे बाकी राहिले तर देणाऱ्याने ते घ्यावयास पुन्हा यावे, मग मध्ये डोंगर असो की नदी.

अक्का ऐकोन बोलिल्या, "चांगलं हाय की. आमच्यात आहेर घेत्यात आन् कुणी दिला त्येच इसरत्यात." आणि मागे राहणे त्यांच्या रक्तात नव्हते, म्हणोन त्यांनी लागलीच एक ओवी परत केली. मग ती उठे, मग ह्या उठत. चुलीवरचा चहा उकळोन उकळोन काढा जाहला, परंतु दोघी आटोपेनात.

त्या दिवशी मारुनाबाईने आणखी एक गोष्ट सांगितली. तिचे मोठे गाणे पाच खंडांचे होते. निवडणे, कांडणे, दळणे, मळणे आणि भाजणे. धान्य सुपात येते तेथून भाकर ताटात पडते तेथवर. ती म्हणाली जे, अशाच मंडळांच्या बोलावण्यावरून मी पुष्कळ देश फिरले, शालींनी माझी पेटी भरली आहे, परंतु गाणे कोठेच पुरे जाहले नाही. कोठे निवडण्यावर थांबविले, कोठे कांडण्यावर. माझी भाकर आजवर एकाही परक्या मुलखात भाजली गेली नाही, आणि आता वयोमाने हा शेवटचाच प्रवास. हे ती हसत बोलली. शिवलीलेस मात्र हसू आले नाही. अक्कांनी पदराने हात पुसले आणि हुकूम केला, "लीला, हिचं गाणं पुरं झालं पायजे बघ. न्हाईतर मला बोलवू नगंस."

दुसरे दिवशी वसंतनगराकडील सभागृही दुपारी दरबार भरला. श्रोते हवेत, आणि सरकारी समारंभास श्रोते आपण होऊन येत नाहीत, म्हणोन महादेवपुऱ्याच्या मराठी मंडळास आज्ञापत्र गेले होते. त्याचे अध्यक्ष शंतनु, पुण्याहून आलेले, संगणकाच्या कचेरीत मोठे मनसबदार, आपली फौज घेऊन हजर जाहले. फौजेस अल्पोपाहाराचे अभय दिलेले होते. शंतनु शिवलीलेस येऊन भेटले आणि बोलिले, "मॅडम, टर्नआउट एकदम सॉलिड आहे, पण माझी मुलं फोर्सफुली आणलीयेत. पाचच्या आत स्नॅक्स दिले नाहीत तर मास रेझिग्नेशन होईल."

पाच वाजता सभागृह मोकळे करणे प्राप्त होते, कारण सायंकाळी तेथे एका लग्नाचे रिसेप्शन होते, आणि फुलांचे तोरण बांधणारे आताच दाराशी दबा धरोन बसले होते. मारुनाबाईंचे विमानही त्याच रात्रीचे, सबब पाचास देवनहळ्ळीच्या विमानतळाकडे कूच करणे भाग. आणि दिल्लीकर हुजूर? त्यांचे विमान वेळेवर उतरले. परंतु पुढे हेब्बाळच्या उड्डाणपुलाची खिंड आहे. त्या खिंडीत मोठमोठे वीर अडकले आहेत. हुजुरांच्या मोटारीपुढे पाण्याचा टँकर, टँकरापुढे शाळेची बस, आणि बसपुढे काय होते ते अद्यापि कोणास कळले नाही. दरबार ताटकळला. समया वाऱ्याने विझल्या, पुन्हा लावल्या, पुन्हा विझल्या. अखेर साडेतीन उलटल्यावर हुजुरांची सवारी दाखल जाहली.

मग पद्मनाभरावांनी पडद्यामागे मसलत बोलाविली आणि फर्मान काढिले ते ऐसे: स्वागत, दीपप्रज्वलन, परिचय, सत्कार, हुजुरांचे भाषण आणि आभार, यांपैकी कशासही धक्का लागता कामा नये. गाणे वेळ उरल्यास. न उरल्यास उभय गायिकांनी मंचावर येऊन नमस्कार करावा, आणि तोच कार्यक्रम जाहला ऐसे समजावे. हुजुरांच्या भाषणाची जाडी सर्वांस दिसत होती. ते भाषण आटोपोन वेळ उरेल ही आशा शत्रूनेही धरिली नसती. शिवलीला बोलली जे, सर, गाण्यासाठीच तर बोलावले ना त्यांना. राव बोलिले, "ते सरी, बरोबर. पण सत्कार कसा कमी करणार? गाणं काय, केव्हाही म्हणता येतं. स्वल्प समजून घे."

हे फर्मान ऐकोन शिवलीला पडद्यामागे येऊन एका खोक्यावर बसली. समोर मारुनाबाई आपल्या मुलखाचा भरजरी झगा घालोन तयार, शेजारी अक्का नवी इरकल नेसोन. अक्कांनी शिवलीलेच्या तोंडाकडे पाहिले. तिला त्या क्षणी फार लाज वाटली. बोलावले आपण, आशा लाविली आपण, आणि आता नमस्कार करवून परत धाडणार तेही आपणच.

तेव्हा नागोजी शाल-पेटेवाले आले. यांचे दुकान चिकपेटेत, आणि शहरात कोणाचाही सन्मान त्यांच्या गाठोड्यावाचून होत नसे. त्यांनी खालच्या आवाजात पुसले, "ताई, पाहुणीला शाल एकच काढू ना? का जास्त? गेल्या खेपेला एकाच शालीला सगळी थोरं लोकं लोंबकळली. प्रत्येकाला फोटोत हात पाहिजे. मधोमध फाटली हो."

हे शब्द कानी पडताच शिवलीला खोक्यावरून उठली. सत्कारास वेळेची मर्यादा नाही, हे खुद्द रावांचे फर्मान. आणि मारुनाबाईस जितक्या शाली मिळतील तितकी गाणी म्हणणे तिच्या मुलखी प्राप्त. तर गाण्यासाठी वेळ मागावयाचाच कशास? सत्कार वाढवावा. तिने मंचावरील मानकरी मोजले. देवनहळ्ळीकडे शेतांचे लेआउट पाडणारे एक उद्योगपती. एक माजी कुलगुरू. एक मंडळाचे मानद सल्लागार, ज्यांचा सल्ला आजवर कोणी घेतला नाही. आणि दिल्लीकर हुजूर. मानकरी चार. गाण्याचे खंड पाच. एक कमी पडत होता. परंतु लढाईस उभे राहताना एका घोड्याची उणीव पाहात बसू नये ऐसा विचार करोन ती बोलली, "नागोजीमामा, शाली जितक्या आहेत तितक्या काढा."

मग ती रावांच्या कानी लागली आणि विनंती केली जे, पाहुणीच्या देशात शाल घेतल्यावर गाणे म्हणण्याचा प्रोटोकॉल आहे, शाल देणाऱ्याने तोवर उभे राहण्याचा प्रोटोकॉल आहे, आणि यजमान बाजूने गाण्यातच उत्तर देण्याचा प्रोटोकॉल आहे. शेवटचा प्रोटोकॉल आनेकलात तयार जाहला होता, परंतु ते पुसले कोणी? प्रोटोकॉल हा शब्द ऐकताच रावांची मान आपोआप लवली. राव बोलिले, "प्रोटोकॉल आहे? मग मोदलुच, आधीच सांगायचं नाही का? प्रोटोकॉल मोडला तर दिल्ली मला मोडेल."

मग सत्कार सुरू जाहला. शिवलीलेने जाहीर केले जे, पाहुण्यांचा सन्मान प्रत्येक मान्यवर आपल्या हस्ते स्वतंत्रपणे करतील. हे ऐकोन मंचावर जो आनंद पसरला तो वर्णावयास शब्द अपुरे. कारण स्वतंत्र तसबीर ही ऐसी चीज आहे जे, तिजला नाही म्हणणारा मानकरी या भरतखंडी अद्यापि जन्मास यावयाचा आहे.

प्रथम उद्योगपती पुढे सरसावले. शाल घातली, पेटा बांधिला, छायाचित्रकाराकडे पाहोन हसले आणि परतू लागले, तो मारुनाबाईने शालीचे टोक धरोन गावयास आरंभ केला. उद्योगपती थबकले. शिवलीला ध्वनिक्षेपकावरून नम्रपणे बोलली जे, प्रोटोकॉलनुसार मान्यवर उभे राहतील. मग काय, हाती रिकामे तबक घेऊन गृहस्थ उभे. गाणे निवडण्याचे होते. आवाज थकलेला, परंतु खणखणीत, आणि हाताची बोटे सुपातील खडे वेचावे तैसी हलत होती. सरल्यावर लोकांनी शिष्टाचाराच्या टाळ्या दिल्या आणि पुन्हा आपापल्या फोनात मान घातली.

मग यजमान बाजूचे उत्तर. शालनअक्का मंचाच्या कडेस आल्या. समोर माणसेच माणसे, जाते कोठे नाही. त्या दो पावले मागे सरकल्या. तेव्हा मारुनाबाई सत्कारमूर्तीची उंच खुर्ची सोडोन, शाल आणि पेट्यासकट, खाली जमिनीवर येऊन बसली आणि मोकळा हात गोल फिरवू लागली, जैसा खुंटा धरिला असावा. अक्का तिच्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या,

"लांबच्या मुलखाची बाई बसली जात्यापाशी,
बोली निराळी ग, नातं एकाच पिठाशी."

सभागृही काही फोन खाली गेले. फौजेतील एक बाई, जी महादेवपुऱ्याच्या कचेरीत दिवसभर पडद्याकडे पाहोन हिंदीत भांडत असे, ती कोणास न कळत गुडघ्यावर ठेका धरू लागली.

मग माजी कुलगुरू आले आणि कांडणे जाहले. हे पाऊण आयुष्य भाषणे करीत आले होते, ऐकावयाचा प्रसंग नवीन, म्हणोन प्रथम अस्वस्थ, मग स्वस्थ, आणि शेवटी डोळे मिटोन उभे. मग मानद सल्लागार आले आणि दळणे जाहले. दळणाच्या खंडात दोघींचे गाणे एकात एक मिसळले. ती आपल्या बोलीत, ह्या आपल्या, आणि कोणती ओळ कोणाची हे पुढे बसलेल्यांस कळेनासे जाहले. सल्लागार गहिवरले आणि त्यांनी अनेक वर्षांत प्रथमच कोणास काही सल्ला दिला नाही. बाहेर तोरणवाले दारात येऊन उभे राहिले, आणि आत या असे कोणी म्हणेना, आणि तेही जाईनात.

मग दिल्लीकर हुजूर उठले. शाल घातली. मळणे जाहले. हुजूर उभे राहिले खरे, परंतु दृष्टी घड्याळाकडे. मळण्याचा खंड सरला, टाळ्या पडल्या, आणि त्या टाळ्या आपल्याच ऐसे समजोन हुजूर तडक ध्वनिक्षेपकाकडे चालले आणि भाषणाचे कागद उघडले. मानकरी संपले होते. मारुनाबाई चार शालींखाली बसली होती. तिने हातावर पीठ थापावयाची बोटे उचलली होती ती हळूच मांडीवर ठेविली, आणि शिवलीलेकडे पाहोन ओळखीचे हसली. भाकर भाजावयाची राहिली, ऐसे ते हसणे. शिवलीला एक पाऊल पुढे जाऊन थांबली. तिच्याकडे कंत्राटी माणसाचा आवाज होता, आणि हुजुरांपुढे तो चालत नाही.

आता ऐका, या लढाईत पुढे काय जाहले ते. पद्मनाभराव मंचाच्या कोपऱ्यात तबके घेऊन उभे होते. त्यांनी आयुष्यभर तबकेच धरिली होती. हजारो शाली त्यांच्या हातून गेल्या, परंतु एकही त्यांनी कोणाच्या खांद्यावर घातली नव्हती. तो मान खुर्चीवरच्यांचा. ते हुजुरांकडे पाहात होते, जेथे त्यांची बढती होती. मग मारुनाबाईकडे पाहिले. मग अक्कांकडे पाहिले, आणि अक्का त्यांच्याकडे ऐशा पाहात होत्या जैसे घरचे वडील माणूस पाहते. राव पुढे जाहले. नागोजींच्या गाठोड्यातून शाल उचलली. नागोजींनी चांगल्यातील काढोन दिली.

राव हुजुरांजवळ जाऊन हिंदीत बोलिले, "सर, एक मिनिट. प्रोटोकॉल अधूरा है." हुजूर कागदातून मान वर करोन बोलिले जे, अब कौन बाकी है? राव म्हणाले, "मैं, सर."

आणि त्यांनी शाल मारुनाबाईच्या खांद्यावर घातली. सवय नव्हती, म्हणोन तिरकी बसली. तसबीर काढावयाचे छायाचित्रकारास सुचलेच नाही, आणि रावांनीही त्याकडे पाहिले नाही. मारुनाबाई उठली. मग भाजणे जाहले. हा खंड सर्वांत लांब, आणि त्यात तवा तापतो, पहिली भाकर करपते, दुसरी फुगते, मुले चुलीभोवती जमतात, आणि शेवटची भाकर दारी येणाऱ्या अनोळखी माणसासाठी झाकोन ठेवितात. हे सारे शिवलीलेने मागाहून सांगितले. तेव्हा मात्र कोणास एक शब्द कळत नव्हता, आणि कोणाचे काही अडलेही नाही. राव उभे. राव उभे म्हणोन मानकरी उभे. मानकरी उभे म्हणोन हुजूरही कागद धरोन उभे. मग शंतनु उठले, आणि त्यांची फौज उठली, आणि दारातील तोरणवाल्यांनी हातातील झेंडूच्या माळा खाली ठेविल्या. शेवटचा सूर पडला तेव्हा मारुनाबाईने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. अक्कांनी शेवटची ओवी म्हटली नाही. त्यांनी उठोन तिला पोटाशी धरिले, आणि पद्मनाभरावांस चष्मा काढावा लागला. हे खोटे असेल तर बखरकाराची लेखणी मोडो.

इतक्यात सभागृहाचे व्यवस्थापक येऊन हात जोडोन उभे राहिले. पाच वाजोन गेले होते आणि नवरीकडील मंडळी खाली आली होती. मग पद्मनाभरावांनी ध्वनिक्षेपक घेऊन जाहीर केले ते ऐसे: वेळेच्या अभावी सन्माननीय हुजुरांचे भाषण वाचले ऐसे समजण्यात यावे. हुजुरांनी कागद मिटले. अल्पोपाहाराची दारे उघडली आणि महादेवपुऱ्याच्या फौजेने वड्यांवर एल्गार केला.

शिवलीलेने तेथोन दोघी बायकांस घेऊन देवनहळ्ळीकडे कूच केले. हेब्बाळची खिंड त्या सायंकाळी कशी कोण जाणे मोकळी होती. विमानतळाच्या दारी मारुनाबाईने आपल्या खांद्यावरील लोकरीची शाल काढिली. ही नागोजींची नव्हे. तिच्या डोंगरातली, तिने स्वतः विणलेली. ती तिने अक्कांच्या हाती दिली आणि दस्तुराप्रमाणे उभी राहिली. म्हणजे आता अक्कांनी गावयाचे. मागे प्रवाशांची रांग, दाराशी शिपाई "बेग होगी, बेग होगी" म्हणोन लवकर चला ऐशी घाई करितो आहे. अक्कांनी शाल दो हाती धरिली.

शिवलीला बोलली, "अक्का, म्हणा की. ती थांबलीय."

अक्का बोलिल्या, "न्हाई म्हणत. बाकी राहू दे. सांग तिला."

फोनातील दुभाष्याने ते सांगितले. मारुनाबाईने शालीकडे पाहिले, मग अक्कांकडे पाहिले, आणि तिला कळले. ती मोठ्याने हसली, इतकी की शिपाईही वळोन पाहू लागला. मग ती आत गेली, आणि काचेपलीकडून दिसेनाशी होईतो हात गोल फिरवीत राहिली.

पुढे मंडळाचा अहवाल दिल्लीस गेला. त्यात लिहिले होते जे, मित्र राष्ट्राच्या पाहुण्यांचा सत्कार समारंभ भव्य प्रमाणावर, राजशिष्टाचारास धरोन, यशस्वी जाहला. पाच शाली दिल्या. सांस्कृतिक कार्यक्रम मात्र वेळेअभावी होऊ शकला नाही. दिल्लीने पसंतीचा शेरा मारिला. पद्मनाभरावांची बढती आली नाही, आणि त्यांनी पुन्हा विचारली नाही. शिवलीलेचे कंत्राट वाढले, कारण वाढवू नये ऐसे लिहावयास कोणास आठवण राहिली नाही.

ऐसे हे युद्ध जाहले आणि गाणे पुरे होऊन फत्ते जाहली, ती येथे शहर बेंगळुरू मुक्कामी रीतसर नोंदिली असे. लोकरीची शाल आनेकलास जात्यावर घडी करोन ठेविली आहे. अक्का ती अंगावर घेत नाहीत. शेजारणी पुसतात तेव्हा म्हणतात, "अजून माझी न्हाई ती. गाणं बाकी हाय. ती येनार हाय घ्यायला."

मोर्तब असे.